कार्टून, सरकार आणि प्रचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिल्म सोसायट्यांमध्ये आणि महाविद्यालयांत मी जुने ॲनिमेटेड प्रचारपट दाखवते आणि त्यांवर बोलते. कार्यक्रम संपला तरी प्रश्न संपत नाहीत. ते मागाहून फोनवर येतात, मेलवर येतात, आणि त्यांतले बरेचसे तेच ते असतात. पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलाही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ॲनिमेशनमधला ‘प्रचार’ म्हणजे नेमकं काय? प्रत्येक सरकारी कार्टून प्रचारपटच धरायचं का?

आधी ठरवलेल्या दिशेला लोकांचं मत किंवा वागणं वळवायचं, म्हणून सरकारनं, पक्षानं, लष्करानं, कामगार संघटनेनं किंवा उद्योगपतीनं पैसे मोजून करून घेतलेला चित्रपट म्हणजे प्रचारपट. त्यातली माहिती खोटीच असते असं मात्र नाही, आणि गोंधळ नेमका इथेच होतो.

डिस्नेचा १९४३ चा ‘द विंग्ड स्करज’ घ्या. त्यात मलेरियाचा डास ‘फरार गुन्हेगार’ म्हणून येतो आणि हिमगौरीचे सात बुटके डबक्यांवर औषध मारत फिरतात. सांगितलेले उपाय त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे ठीकच होते. पण हा चित्रपट करून घेतला तो लॅटिन अमेरिकेत अमेरिकेविषयी आपुलकी वाढावी म्हणून उघडलेल्या सरकारी कचेरीनं. म्हणजे आरोग्यशिक्षण आणि परराष्ट्र धोरण एकाच रिळात. अशा वेळी ‘हे खरं की खोटं’ या प्रश्नापाशी थांबून चालत नाही. पैसे कुणी दिले, चित्रपट कुणाला दाखवायचा होता आणि त्यात काय येऊ दिलं नाही, हेही विचारावं लागतं.

२. कॅमेरा हाताशी असताना चित्रं काढत बसायची गरज काय होती?

कॅमेऱ्याला समोर काहीतरी घडावं लागतं. चित्रकाराला तशी गरज नसते. भर समुद्रात बुडालेलं जहाज, शत्रूच्या मनातला डाव, अजून न झालेला विजय हे सगळं कागदावर घडवता येतं. हॉलिवूडचा दिग्दर्शक फ्रँक काप्रानं अमेरिकन सैन्यासाठी केलेल्या ‘व्हाय वी फाइट’ या मालिकेतले हलते नकाशे डिस्नेच्या स्टुडिओत तयार झाले. काळा रंग एकेक देश गिळत पुढे सरकतो, बाण सीमा ओलांडतात. आकडेवारीनं भरलेल्या तासाभराच्या भाषणानं जे झालं नसतं, ते काही सेकंदांत होतं.

दुसरं कारण सोयीचं. कार्टूनला दुसऱ्या भाषेत आवाज देणं सोपं जातं, न वाचता येणाऱ्या माणसालाही गोष्ट कळते, आणि पात्र आधीच लाडकं असलं तर ओळखपाळख करून देण्यात वेळ जात नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात गंभीर वाटतं. छायाचित्रात शत्रूही माणूस म्हणूनच दिसतो. त्याला डोळे असतात, थकवा असतो. चित्रात त्याचा चेहराच काढून घेता येतो. माणसाचा उंदीर, कोल्हा, राक्षस करता येतो, आणि मग त्याला मारताना थिएटर हसतं. या पानावरच्या जवळजवळ प्रत्येक उदाहरणात ही युक्ती कुठे ना कुठे भेटेल, मग सरकार लोकशाही असो की हुकूमशाही.

३. जगातला पहिला राजकीय ॲनिमेशनपट कोणता?

पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट मानला जातो तोच मुळात राजकीय होता, हे ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. तो अमेरिकेत झाला नाही, अर्जेंटिनात झाला. किरीनो क्रिस्तियानी या इटलीत जन्मलेल्या तरुण व्यंगचित्रकारानं पुठ्ठ्याच्या कापलेल्या आकृत्या हलवून ‘एल आपोस्तोल’ केला आणि तो नोव्हेंबर १९१७ मध्ये ब्युनोस आयर्सला लागला. राष्ट्राध्यक्ष इपोलितो इरिगोयेन स्वर्गात जातात, देवाकडून विजा मागून घेतात आणि भ्रष्ट राजधानी जाळून टाकतात, अशी कथा. हा सरकारी प्रचार नव्हता, सत्ताधाऱ्याची टवाळी होती. निर्माता फेदेरिको व्हाये याच्याकडे लागलेल्या आगीत त्याच्या प्रती गेल्या आणि आज हा चित्रपट उपलब्ध नाही.

क्रिस्तियानीचा १९१८ चा पुढचा चित्रपट जर्मनीनं बुडवलेल्या अर्जेंटिनी जहाजावर होता. देश तटस्थ राहू पाहत होता, त्यामुळे सरकारनं तो जप्तच केला. ॲनिमेशनला राजकारणानं इतक्या लवकर गाठलं होतं.

छोट्या फिती धरल्या तर मान ब्रिटनकडे जातो. पहिलं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी, १९१४ मध्ये, लान्सलॉट स्पीडनं कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची, खिल्ली उडवणारी ‘बुली बॉय’ मालिका काढली.

४. ‘लुसिटानिया’च्या चित्रपटात खरं किती आणि रचलेलं किती?

७ मे १९१५ ला जर्मन पाणबुडी यू-२० नं आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘लुसिटानिया’ हे प्रवासी जहाज बुडवलं. अठरा मिनिटांत जहाज तळाला गेलं आणि सुमारे १,२०० माणसं मेली, त्यांत १२८ अमेरिकन. या घटनेचं चलचित्रण कुणाकडेच नव्हतं. विन्सर मॅके या वृत्तपत्रीय चित्रकारानं सहकाऱ्यांना घेऊन सुमारे २५,००० चित्रं काढली आणि जुलै १९१८ मध्ये ‘द सिंकिंग ऑफ द लुसिटानिया’ प्रदर्शित केला.

तो पाहताना एक गोष्ट नीट बघा. मॅकेची इतर कामं खेळकर आहेत, रेषा उड्या मारते. इथे त्यानं मुद्दाम बातमीपटाची शैली घेतली आहे. करडा समुद्र, लांबून दिसणारं जहाज, धुराचे लोळ, कठड्यावरून ठिपक्यांसारखी खाली पडणारी माणसं. मध्येच नामवंत मृतांची खरी छायाचित्रं येतात. आपण चित्र पाहतोय हे हळूहळू विसरायला होतं. शेवटी एक आई बाळाला पाण्यावर धरून बुडते, आणि मग जर्मनांचा द्वेष करू नका असं कुणी सांगूच कसं शकतं, अशा अर्थाची पाटी झळकते.

मृत्यू खरे होते, त्याबद्दल वाद नाही. पण जहाजाच्या मालात रायफलींची काडतुसंही होती. प्रेक्षकाला ती गोष्ट इथे कळत नाही. शिवाय हा चित्रपट पडद्यावर आला तेव्हा अमेरिकेला युद्धात उतरून वर्ष उलटलं होतं. लोकांना युद्धात ओढायचं काम उरलं नव्हतं, राग विझू द्यायचा नव्हता.

५. सोव्हिएत रशियानं ॲनिमेशन कधीपासून वापरलं?

१९२४ पासून तर नक्की. दिग्दर्शक झिगा व्हर्टोव्हचा ‘सोव्हिएत खेळणी’ त्या वर्षीचा. खासगी व्यापाराला थोडी मोकळीक देणाऱ्या लेनिनच्या नव्या आर्थिक धोरणामुळे पुन्हा गब्बर झालेला व्यापारी त्यात पोट फुटेपर्यंत खातो. कामगार आणि शेतकरी एकेकटे त्याच्याकडून काही वसूल करू शकत नाहीत, म्हणून ते दोघे मिळून दोन डोक्यांचं एकच शरीर होतात. अखेरीस लाल सैनिकांचं झाड उभं राहतं आणि व्यापारी व त्याचे साथीदार ख्रिसमसच्या झुंबरांसारखे त्यावर लटकतात. ‘प्रावदा’ या पक्षाच्या वृत्तपत्रात येणारी व्यंगचित्रं जणू पानावरून उठून चालू लागली आहेत असं ते दिसतं. १९३६ मध्ये मॉस्कोत सोयुझमल्टफिल्म हा सरकारी स्टुडिओ सुरू झाला. तिथे मुलांच्या नितांतसुंदर गोष्टी आणि वर्गशत्रूंवरचे प्रचारपट एकाच छताखाली तयार होत राहिले. त्या छताखालच्या बंडखोरांबद्दल प्र. १३ मध्ये.

६. डिस्नेनं खरंच सरकारसाठी काम केलं होतं? की सक्ती झाली होती?

काम केलं, आणि स्टुडिओला त्याची गरजही होती. युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद पडली होती, ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटेशिया’चे पैसे वसूल झाले नव्हते, आणि मे १९४१ मध्ये चित्रकारांनी मोठा संप पुकारला होता. त्याच वर्षी कॅनडाच्या सरकारसाठी युद्धबचतीच्या छोट्या फिती तयार झाल्या. वॉल्ट डिस्ने संप चालू असतानाच नेल्सन रॉकफेलर प्रमुख असलेल्या, प्र. १ मधल्याच सरकारी कचेरीच्या वतीनं दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. तिथल्या देशांनी जर्मनीकडे झुकू नये हा दौऱ्याचा हेतू. ‘सालुदोस आमिगोस’ आणि ‘द थ्री कबायेरोस’ हे चित्रपट त्यातून आले. त्यांतला ब्राझीलचा पोपट होझे कारिओका आजही लोकांना आठवतो. तो परराष्ट्र धोरणातून जन्मला, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं.

पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि लष्कराची तुकडी थेट बरबँकच्या स्टुडिओत मुक्कामाला आली. पुढच्या वर्षांत प्रशिक्षणपट, प्रचारपट आणि लष्करी तुकड्यांसाठी सुमारे १,२०० बोधचिन्हं तिथून बाहेर पडली.

पैशाचं एक प्रकरण सांगण्यासारखं आहे. १९४२ च्या आरंभी अर्थखात्याला लोकांना प्राप्तिकर भरायला प्रवृत्त करायचं होतं. कर पहिल्यांदाच भरणारे लाखो लोक होते. ‘द न्यू स्पिरिट’मध्ये डोनाल्ड डक आपली मिळकत २,५०१ डॉलर लिहितो, तीन पुतण्यांना अवलंबित दाखवतो, कर १३ डॉलर निघतो आणि तो भरायला तो पळत थेट वॉशिंग्टन गाठतो. मग पडद्यावर कारखाने, तोफा, विमानं. पण बिल मंजुरीला गेलं तेव्हा प्रतिनिधीगृहानं ८०,००० डॉलर द्यायला नकार दिला. युद्धकाळात बदकावर उधळपट्टी कशाला, असा सूर होता. सरकारी प्रचार म्हटला की सगळं वरून हुकूम आल्यासारखं सुरळीत घडत असेल अशी आपली समजूत असते. ही गोष्ट तिला छेद देते.

एक अपवाद लक्षात ठेवा. १९४३ चा ‘व्हिक्टरी थ्रू एअर पॉवर’ हा लांब पल्ल्याच्या बॉम्बफेकीचा पुरस्कार करणारा चित्रपट सरकारनं मागितलेला नव्हता. डिस्नेनं तो स्वतःच्या पैशानं केला, सरकारचंच मन वळवण्यासाठी. शेवटी गरुड जपानी ऑक्टोपसवर तुटून पडतो. त्या बॉम्बच्या खाली असलेली माणसं पूर्ण चित्रपटात कुठेही दिसत नाहीत.

७. डोनाल्ड डक नाझी गणवेशात असलेला फोटो फिरतो. तो खरा आहे का? म्हणजे डिस्ने नाझींचा समर्थक होता?

चित्र खरं आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. ते ‘डेर फ्यूररज फेस’ या नाझीविरोधी चित्रपटातलं आहे. तो १९४३ च्या सुरुवातीला आला आणि त्याला ऑस्कर मिळालं.

डोनाल्ड अशा गावात जागा होतो जिथे झाडं, ढग, घड्याळाचे आकडे सगळं स्वस्तिकाच्या आकाराचं आहे. न्याहारी अशी : कॉफीचा एकुलता एक दाणा दोरीला बांधून पाण्यात बुडवायचा आणि पुन्हा तिजोरीत ठेवायचा. पाव इतका कडक की करवतीनं कापायचा. अंडी आणि बेकनच्या वासाचा फवारा तोंडात मारायचा. मग कारखाना. पट्ट्यावरून तोफगोळे येतात, मध्येच हिटलरची तसबीर येते, प्रत्येक तसबिरीला सलाम ठोकायचा आणि गोळ्याची टोपीही चुकवायची नाही. वेग वाढत जातो आणि डोनाल्ड वेडा होतो. तेवढ्यात जाग येते. भिंतीवर सलाम करणारी सावली दिसते, त्याचा हात सवयीनं वर जातो, आणि मग कळतं की ती स्वातंत्र्यदेवीच्या छोट्या पुतळ्याची सावली आहे.

हुकूमशाहीतली बळजबरी कारखान्याच्या लयीतून दाखवण्याचं हे काम मला आजही अव्वल वाटतं. त्याच चित्रपटाच्या सुरुवातीच्या बँडमध्ये जपानी माणसाचं चित्रण मात्र वंशद्वेषी आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. चित्रपटातलं एखादं चित्र सुटं काढून फिरवलं की मूळ चित्रपटाच्या उलट अर्थाचा प्रचार करता येतो, याचं हे चित्र उत्तम उदाहरण.

८. बग्ज बनी वगैरेंची काही युद्धकाळातली कार्टून्स आता का दाखवत नाहीत?

कारण त्यांत जपानी लोकांना माणूस म्हणून दाखवलेलंच नाही. वॉर्नर ब्रदर्सच्या १९४३-४४ मधल्या काही फितींत पुढे आलेले दात, जाड चष्मा, पिवळा रंग आणि हीन शब्द यांचा भडिमार आहे. जर्मनांवरच्या कार्टूनमध्ये सहसा हिटलर, गोअरिंग अशा नेत्यांची टर उडवली जाई. जपानच्या बाबतीत अख्खी जमातच लक्ष्य होती.

हे केवळ अभिरुचीचं प्रकरण समजू नये. फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानंतर अमेरिकेनं जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरांतून उचलून छावण्यांत ठेवलं. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. शेजारी गप्प राहिले, आणि तेच शेजारी थिएटरात ही कार्टून्स पाहून हसत होते. या फिती नष्ट करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्या अभ्यासासाठी उपलब्ध असाव्यात, आधी संदर्भ सांगून दाखवाव्यात. मुलांच्या वाहिनीवर मात्र त्यांना जागा नाही.

९. सैनिकांसाठी वेगळी कार्टून्स असायची का?

असायची. सगळ्यात गाजलेला ‘प्रायव्हेट स्नाफू’. हा आळशी, बडबड्या सैनिक १९४३ ते १९४५ दरम्यान फक्त लष्करी प्रेक्षकांना दिसायचा. कल्पना काप्राच्या खात्याची, लेखनात पुढे डॉ. स्यूस म्हणून मुलांचा लाडका झालेला थिओडोर गायझेल, दिग्दर्शनात चक जोन्ससारखे वॉर्नरचे लोक. स्नाफू गुपित फोडतो, मच्छरदाणी लावत नाही, आणि त्याची फळं भोगतो. अधिकाऱ्यानं दरडावण्यापेक्षा हा उपाय जास्त लागू पडेल असा हिशेब होता. सामान्य प्रेक्षकांसाठी नसल्यामुळे नेहमीची बंधनं सैल होती, म्हणून भाषा आणि विनोद दोन्ही बरेच मोकळे आहेत.

१०. जपाननं काय केलं? ‘मोमोतारो’ इतका महत्त्वाचा का मानतात?

मोमोतारो म्हणजे जपानी लोककथेतला पीचमधून जन्मलेला मुलगा. तो कुत्रा, माकड आणि तितर पक्ष्याला घेऊन राक्षसांच्या बेटावर स्वारी करतो. ही गोष्ट प्रत्येक जपानी मुलाला पाठ. जपानी नौदलानं ती जशीच्या तशी उचलली. १९४३ च्या पहिल्या चित्रपटात राक्षसांचं बेट म्हणजे पर्ल हार्बर. पळणाऱ्या शत्रूंत पॉपायच्या मालिकेतल्या ब्लूटोसारखा एक दारुडा खलाशीही आहे.

दुसरा, ‘मोमोतारो : उमी नो शिनपेई’, १२ एप्रिल १९४५ ला लागला. दिग्दर्शक मित्सुयो सेओ, लांबी ७४ मिनिटं, जपानचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. त्याची पहिली वीसेक मिनिटं पाहिलीत तर हा युद्धपट आहे असं वाटणारही नाही. रजेवर गावी आलेले सैनिक-प्राणी, डोंगर, वाऱ्यावर तरंगणारी फुलं. मग दक्षिणेतलं बेट येतं. तिथल्या प्राण्यांना जपानी सैनिक गाण्यातून ‘आ-ई-ऊ-ए-ओ’ शिकवतात. गाणं गोड आहे, प्राणी डोलतात, आणि आपली भाषा दुसऱ्यावर लादण्याचं काम इतकं लाघवी दिसतं की अंगावर काटा येतो. छायाकृतींचा एक भाग युरोपीय व्यापाऱ्यांनी आशियातलं राज्य कसं लुबाडलं ते सांगतो. वसाहतीत राहिलेल्या कुणालाही तो पटावा असाच आहे. नव्या मालकाची स्वारी सुटका म्हणून विकण्यासाठी या खऱ्या अन्यायाचा वापर केला आहे. शेवटी छत्रीधारी सैनिक उतरतात, शिंगं असलेले इंग्रज अधिकारी शरण येतात, आणि गावातली पिल्लं झाडावरून जमिनीवर आखलेल्या अमेरिकेच्या नकाशात उड्या मारण्याचा खेळ खेळतात.

ज्या मुलांसाठी तो केला, त्यांतली कितीतरी बॉम्बहल्ल्यांमुळे शहराबाहेर हलवली गेली होती. ओसाकाच्या एका थिएटरात मात्र ओसामु तेझुका नावाच्या किशोरानं तो पाहिला. युद्धाच्या भागापेक्षा त्यातल्या कोवळेपणानं तो भारावला आणि आपणही असं काही करायचं असं त्यानं ठरवलं. पुढे जपानी ॲनिमेशनचा पायाच त्यानं घातला. चित्रपटाची प्रत मात्र नाहीशी झाली असंच धरलं जात होतं. ती १९८० च्या दशकात शोचिकू कंपनीच्या गोदामात सापडली.

सेओ तरुणपणी डाव्या चळवळीच्या चित्रपटांत वावरलेला माणूस होता. युद्धानंतर त्यानं केलेला चित्रपट डावा वाटतो म्हणून अडवला गेला आणि त्यानं ॲनिमेशन सोडून मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायला घेतली.

११. जर्मनीत डिस्नेसारखं काही का उभं राहिलं नाही?

प्रयत्न झाला. १९३७ च्या नाताळात नाझी प्रचारमंत्री गोबेल्सनं हिटलरला मिकी माउसच्या १८ फिती भेट दिल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. १९४१ मध्ये ‘डॉइचे झाइखेनफिल्म’ ही सरकारी कंपनी निघाली. पण पूर्ण लांबीच्या चित्रपटाला तयार हात लागतात आणि ते तयार व्हायला वर्षं लागतात. माणसं आघाडीवर चालली होती. कंपनीकडून एका कॅनरी पक्ष्याची छोटी फीत तेवढी पूर्ण झाली.

जर्मनीनं व्यापलेल्या देशांतही कडवट प्रचार झाला. नेदरलँड्समध्ये १९४३ साली रेनार्ड कोल्ह्याच्या मध्ययुगीन कथेत ज्यूंचं प्रतीक म्हणून एक गेंडा घुसवला गेला. फ्रान्समध्ये १९४४ च्या ‘निंबस लिबेरे’त मिकी, पॉपाय आणि डोनाल्ड अमेरिकन बॉम्बर विमानं चालवत येतात आणि मुक्तीची वाट पाहणाऱ्या फ्रेंच कुटुंबाचं घर उडवतात. लाडकं पात्र शत्रूच्या गोटातून पळवून त्याच्याच विरुद्ध वापरायचं, ही चाल दोन्ही बाजूंनी खेळली गेली.

१२. ‘ॲनिमल फार्म’ला सीआयएनं पैसे दिले, हे खरं की नुसती अफवा?

खरं आहे. ‘ॲनिमल फार्म’ ही जॉर्ज ऑर्वेलची कादंबरी : प्राणी माणसाला हाकलून शेत ताब्यात घेतात आणि मग डुकरंच जुलमी मालक होतात. ऑर्वेल जानेवारी १९५० मध्ये वारला. त्यानंतर कादंबरीचे हक्क त्याच्या पत्नीकडून घेतले गेले, पुढे अमेरिकन निर्माता लुई द रॉशमाँ होता, पैसा सीआयए या अमेरिकन गुप्तचर संस्थेचा होता. काम लंडनच्या हॅलस अँड बॅचलर स्टुडिओला मिळालं. जॉन हॅलस आणि जॉय बॅचलर या जोडप्यानं युद्धात ब्रिटिश सरकारसाठी डझनावारी प्रचारपट केले होते. चित्रपट १९५४ च्या शेवटी न्यूयॉर्कला लागला.

बदल शेवटात झाला. पुस्तकात प्राणी खिडकीतून आत बघतात आणि डुक्कर कोण, माणूस कोण हे त्यांना ओळखू येत नाही. ऑर्वेलचा तडाखा दोघांनाही आहे. चित्रपटात प्राणी पुन्हा उठाव करून डुकरांना उलथवतात. साम्यवादी राजवटीत राहणाऱ्यांनी उठाव करावा या शीतयुद्धातल्या धोरणाला हा शेवट चपखल बसत होता, आणि माणूसही तितकाच दोषी हा अर्धा भाग गळून पडला. पैसा कुठून येतोय हे चित्रकारांना ठाऊक नव्हतं. त्यांची कारागिरी प्रामाणिक आहे. बॉक्सर घोड्याला गाडीतून नेतात तो प्रसंग बघा, पोटात तुटतं.

१३. साम्यवादी देशांतले ॲनिमेटर सरकारची भाषाच बोलत होते का?

नाही. पूर्व युरोपचं ॲनिमेशन मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाचं वाटतं. चित्रपट ‘मुलांचा’ म्हणून सरकारी परीक्षकांची नजर जरा सैल असायची, आणि कलावंतांनी तेवढ्या फटीतून खूप काही बाहेर काढलं.

चेकोस्लोव्हाकियाचा यिर्झी त्रन्का याचा १९६५ चा ‘रुका’, म्हणजे हात. लहानशा खोलीत एक कुंभार आपल्या आवडत्या गुलाबासाठी कुंडी घडवतोय. दार ढकलून एक भलामोठा पांढरा हातमोजा आत येतो आणि कुंडीऐवजी हाताचा पुतळा कर म्हणतो. नकार दिला की तो पुन्हा येतो, भेटवस्तू घेऊन, धमकी घेऊन, टीव्हीतून, टेलिफोनमधून. शेवटी कुंभार पिंजऱ्यात बसून हाताचा प्रचंड पुतळा कोरतो. पळून घरी येतो, दारं-खिडक्या ठोकून बंद करतो, आणि त्याचीच कुंडी डोक्यावर पडून मरतो. मग तोच हात त्याचा शासकीय इतमामानं अंत्यविधी करतो. संवाद एकही नाही. त्रन्का १९६९ मध्ये वारला. त्यालाही सरकारी सन्मानाचा निरोप मिळाला, आणि त्याच्या मागे चित्रपटावर बंदी आली.

मॉस्कोत आंद्रेई ख्र्झानोव्स्कीच्या १९६८ च्या ‘काचेची हार्मोनिका’चीही हीच गत झाली. तो वर्षानुवर्षं दडपून ठेवला गेला.

१४. निवडणुकीत कार्टूनचा वापर कधी सुरू झाला?

अमेरिकेतलं ठळक उदाहरण १९४४ चं. मोटार कामगारांच्या संघटनेनं रूझवेल्टसाठी ‘हेल-बेंट फॉर इलेक्शन’ करून घेतला. एकीकडे रूझवेल्टची झोकदार आधुनिक आगगाडी, दुसरीकडे विरोधकांची डगमगती जुनाट गाडी, आणि मध्ये झोपी जाऊ नये असा रूळ बदलणारा सांधेवाला, म्हणजे मतदार. दिग्दर्शक पुन्हा चक जोन्स. १९५२ मध्ये ‘आय लाइक आइक’ ही आयझेनहॉवरची ॲनिमेटेड जाहिरात टीव्हीवर आली आणि तिथून तीस-साठ सेकंदांचा जमाना सुरू झाला.

१५. भारतात असं काही झालं का? ‘एक चिडिया’ हा प्रचारपट म्हणायचा का?

दादासाहेब फाळक्यांनी काडेपेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली होती, पण तिचा राजकारणाशी संबंध नव्हता. सरकारी ॲनिमेशन सुरू झालं मुंबईत, फिल्म्स डिव्हिजन या केंद्र सरकारच्या चित्रपट विभागात. १९५६ च्या सुमारास क्लेअर वीक्स हा डिस्नेचा अनुभवी ॲनिमेटर अमेरिकन तांत्रिक सहकार्याच्या योजनेतून तिथल्या कार्टून विभागाला शिकवायला आला. त्यातून जातककथेवरचा ‘बनियन डिअर’ झाला आणि राम मोहन यांच्यासारखी पिढी घडली. प्रमोद पती प्रागला जाऊन त्रन्काकडे शिकून आले. जो माणूस ‘रुका’ करणार होता, त्याचा विद्यार्थी आपल्याकडे सरकारी खात्यात कुटुंबनियोजनावर फिती करत होता, आणि त्यांतही त्यानं भन्नाट प्रयोग केले.

प्रेक्षक मिळवायची चिंता नव्हती. चित्रपटगृहांना मुख्य चित्रपटाआधी सरकारमान्य फीत दाखवणं बंधनकारक होतं. हा नियम मूळचा दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश सरकारचा. स्वातंत्र्यानंतर तो नव्या सरकारनंही वापरला.

‘एक चिडिया’ म्हणून लोकांना आठवतो तो ‘एक अनेक और एकता’ १९७४ चा. विजया मुळे यांचं दिग्दर्शन, भीमसेन यांची साथ, वसंत देसाईंचं संगीत, आणि लहानग्या साधना सरगमचा आवाज. भाऊ विचारतो, ताई समजावते : जाळ्यात अडकलेल्या चिमण्या एकत्र उडतात, उंदीर जाळं कुरतडतात. प्र. १ मधली कसोटी लावली तर हो, हा प्रचारपट आहे. पैसा सरकारचा, संदेश राष्ट्रीय एकतेचा, प्रेक्षक मुलं. पण तो कुणाचाही द्वेष शिकवत नाही. त्यातला पारधी पारधीच राहतो, कुठल्या जातीचा, धर्माचा किंवा देशाचा होत नाही. या चित्रपटावर माझं मनापासून प्रेम आहे, आणि तरीही त्याला प्रचारपट म्हणायला मी कचरत नाही. विषय शिकवताना हे दोन्ही सांगावं लागतं. विविधतेतली भांडणं, भाषावार राज्यांचे लढे, गोळीबार यांतलं काहीच त्या चिमण्यांच्या वाटेवर येत नाही, हेही मग मुलांच्या आपोआप लक्षात येतं.

१६. युद्धाविरुद्ध केलेला ॲनिमेशनपट प्रचारपट ठरतो का?

ठरू शकतो. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी नॉर्मन मॅकलॅरननं १९५२ मध्ये ‘नेबर्स’ केला. खऱ्या माणसांना चित्रासारखं एकेका चौकटीनं हलवून. दोन शेजारी हद्दीवर उगवलेल्या एका फुलासाठी भांडतात आणि एकमेकांना ठार मारतात. कोरियात युद्ध चालू होतं. त्याला ऑस्कर मिळालं ते माहितीपटाच्या गटात. बायकामुलांना मारण्याचा प्रसंग नको म्हणून तो कापून चित्रपट दाखवला जाई. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तो परत जोडला गेला. सरकारी पैशातून सरकारांच्याच आवडत्या उद्योगाला विरोध करणारा चित्रपट निघू शकतो, हे यातून दिसतं. त्यासाठी कलावंताला मोकळीक देणारी संस्था मात्र असावी लागते.

१७. शाळेतल्या मुलांना हे दाखवायचे असतील तर कुठून सुरुवात करावी?

आठवीच्या खाली मी फक्त ‘एक अनेक’ आणि ‘द विंग्ड स्करज’ दाखवते. आठवी-नववीला ‘डेर फ्यूररज फेस’ आणि ‘रुका’ लागोपाठ दाखवा. एकात शत्रूच्या देशातली बळजबरी आहे, दुसऱ्यात स्वतःच्या, आणि मुलं हा फरक न सांगता पकडतात. ‘लुसिटानिया’ दाखवताना एकदा पाट्यांसकट, आणि दुसऱ्यांदा पाट्या झाकून दाखवा. मग विचारा, राग नेमका कुठे आला. ‘मोमोतारो’ अकरावीच्या पुढे, आणि अख्खा दाखवायला वेळ नसेल तर गावचा भाग आणि अक्षरगाण्याचा भाग तरी सलग दाखवा, मधला तोडू नका. ज्यू किंवा जपानी माणसांचं विद्रूप चित्रण असलेल्या फिती आधीची अर्धा तास चर्चा झाल्याशिवाय लावू नयेत. वेळ कमी असेल तर तो कार्यक्रम पुढच्या आठवड्यावर ढकला.